प्रतिसाद: मातीचे ठोकळे पाणी घालताच का ढासळतात

प्रश्न असा होता की कुंडी न वापरता रोपं वाढवायला नुसत्या कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचे) दाबून केलेले ठोकळे दुसऱ्या दिवशीच फुटतात. फुटणारच, कारण त्यात धरून ठेवणारं काही नाही. ३ भाग कोकोपीट, २ भाग चाळलेलं गांडूळखत आणि १ भाग चाळलेली पोयट्याची माती घ्या. काळी माती नको; वाळली की तडकते आणि मुळं अडकतात. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी रोपांच्या पानांच्या कडा करपतात. खत पूर्ण कुजलेलं हवं. वास येत असेल तर वापरूच नका.

खरी मेख पाण्यात आहे. कुंडीत भरतो त्यापेक्षा मिश्रण बरंच ओलं लागतं. मूठ घट्ट आवळली की बोटांच्या फटींतून चार-पाच थेंब गळायला हवेत. भिजवून तासभर झाकून ठेवा, मग साचा त्यात दाबा. साच्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि आत सैल बसणारा लाकडी दट्ट्या पुरतो. दर चार-पाच ठोकळ्यांनंतर साचा पाण्यात बुडवा, म्हणजे चिकटत नाही.

ठोकळ्यांमध्ये बोटभर अंतर सोडा. हवा लागली की मुळं कडेलाच थांबतात, शेजारच्या ठोकळ्यात घुसत नाहीत. झारी वापरू नका. ट्रेमध्ये खालून पाणी द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. टोमॅटो, मिरची, वांगी यांना हे छान. गाजर-मुळा मात्र थेट वाफ्यातच पेरा.