कानाझावाचे खांब

एकिबेनचे, म्हणजे स्टेशनावर मिळणाऱ्या जेवणाचे, डबे सोडले तर जपानी स्टेशनांत बघण्यासारखं काय, असं कुणीतरी विचारलं होतं. माझं उत्तर, कानाझावा शहराचं स्टेशन! बहुतेक जण बाहेरच्या त्सुझुमी-मोनचा, म्हणजे नोह नाटकातल्या ढोलकीच्या आकाराच्या लाकडी कमानीचा, फोटो काढून पुढे सटकतात. मीही तेच केलं होतं. परतताना वेळ होता म्हणून शिंकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, आतल्या दालनात रेंगाळलो, तर खांबांवरच इशिकावाच्या, म्हणजे कानाझावा ज्यात येतं त्या प्रांताच्या, कारागिरांचं काम बसवलेलं! कुतानीची चिनी माती, वाजिमाचं लाखकाम... फलाटावरच्या खांबांना तर सोन्याचा वर्ख. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख कानाझावातच तयार होतो. वाजिमाच्या लाखेच्या अस्तरात तिथलीच भाजलेली माती मिसळतात, म्हणून ती भांडी इतकी टणक. १ जानेवारी २०२४च्या भूकंपात त्याच वाजिमा गावाची वाताहत झाली. बघण्याच्या नादात माझी गाडी चुकता चुकता वाचली.