रस्ता नक्की कोणाचा? बांधकाम खातं, जिल्हा परिषद की जलसंपदा?

मुठाकाठ:
पुण्याजवळ हवेली-मुळशीकडे रस्ता उखडला की लोक 'पीडब्ल्यूडीत जा' म्हणतात, आणि तिथे 'हा जिल्हा परिषदेचा' असं उत्तर मिळतं. ताबा कोणाचा हे ओळखायचं कसं? इंग्रजांच्या काळात सगळं एकाच खात्याकडे होतं ना, मग ते तुटलं कधी?

साखळीक्रमांक:
आधी रस्त्याचा दर्जा शोधा. रा.मा. (राज्यमार्ग) आणि प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामा (ग्रामीण मार्ग) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. दोन्हीकडे 'बांधकाम विभाग' हेच नाव, घोळ तिथेच होतो. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्यमार्ग, पिवळा असेल तर राष्ट्रीय. पण रंगावर विसंबू नका. रस्त्याची दर्जोन्नती होते आणि दगड जुनाच राहतो. दगड नसेलच तर रस्ते विकास योजना २००१–२०२१ च्या जिल्हा नकाशात क्रमांक मिळतो.

अर्जात 'गावाजवळचा खड्डा' लिहू नका. 'प्रजिमा अमुक, सा.क्र. ४/२०० ते ४/३५०, डावी बाजू' असं लिहा. सा.क्र. म्हणजे साखळी क्रमांक, रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर; ४/२०० म्हणजे ४ किलोमीटर २०० मीटर. अंदाजपत्रक, मोजमाप, देयक सगळं साखळी क्रमांकावर चालतं; तो नसला तर अर्ज कोणत्या शाखा अभियंत्याकडे द्यायचा हेच ठरत नाही. अर्ज उपअभियंत्याच्या नावे, प्रत कार्यकारी अभियंत्याला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जुनंदप्तर:
बांधकाम खातं (पीडब्ल्यूडी) उभं राहिलं १८५४ मध्ये, गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात. त्याआधी बांधकामं लष्करी मंडळ बघायचं. खात्याला हाताखाली शिकलेली माणसं हवी होती, म्हणून त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आजचं सीओईपी (पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय) ते हेच. रस्ते, इमारती, कालवे सगळं एकत्र होतं. खडकवासल्याचं धरण याच खात्यानं बांधलं, आणि १९०३ मध्ये तिथे स्वयंचलित दारं बसवणारे विश्वेश्वरय्याही याच खात्याचे अभियंते.

फाळणी झाली १९६० मध्ये, राज्य स्थापन झालं तेव्हा. 'इमारती व दळणवळण' वेगळं झालं, 'पाटबंधारे व वीज' वेगळं. पहिलं म्हणजे आजचं सार्वजनिक बांधकाम, दुसऱ्यातल्या पाटबंधाऱ्याचं झालं जलसंपदा. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खालच्या दर्जाचे रस्ते त्यांच्याकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ आणि २०१५ मध्ये पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आलं.

एक जागा हमखास चुकते. मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता मुळात कालव्याच्या देखभालीसाठी ठेवलेला, जमीन जलसंपदाची. त्याचा अर्ज मंगळवार पेठेत सिंचन भवनात द्यायचा.

मुठाकाठ:
हे उत्तम झालं. आता एकच, बुजवलेला खड्डा पंधरा दिवसांत परत का उखडतो?

साइडपट्टी:
बहुतेक वेळा दोष खड्ड्याच्या बाहेर असतो. पावसाळी भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे २.५ टक्के उतार हवा. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यात कड मध्यापेक्षा साधारण ४.७ सेंटिमीटर खाली. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढतात, साइडपट्टीवर (डांबराच्या कडेची मातीची पट्टी) मुरूम आणि गवत वाढतं, ती रस्त्याच्या वर येते आणि पाणी कडेलाच अडतं. मध्यावरून कडेपर्यंत दोरी ताणून समपातळीत धरा, फुटपट्टीनं खालचं अंतर मोजा; लगेच कळेल. आधी साइडपट्टी तासायची, पाण्याला गटारापर्यंत वाट करून द्यायची, मग खड्डा.

खड्डाही चौकोनी कापून, कडा उभ्या करून, सुटी खडी आणि धूळ काढून, कोरडा असतानाच भरायचा. तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात, मग थराथरानं भरून रोलर. ओल्या खड्ड्यात फावड्यानं खडी ओतली की ती चिकटतच नाही, पहिला डंपर गेला की निघते.

आणि काम दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी. कालावधी निविदेत लिहिलेला असतो. माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्या साखळी क्रमांकाची मोजमाप पुस्तिकेतली पानं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. पावसाळ्याची वाट न बघता एप्रिलमध्येच अर्ज टाका, म्हणजे कागद जूनच्या आत हातात येतील.