न्यू जर्सी: शाळेच्या बजेटवर मतदान का नाही?

शाळेसाठीचा मालमत्ता कर वाढला, पण बजेटवर आमचं मत कधी मागितलंच नाही, असं का, हा प्रश्न पडतो. शाळा चालवणाऱ्या बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांचा स्थानिक विभाग) या कराच्या एकूण वसुलीतली वाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल, तर मूळ बजेट मतदानाला येतच नाही. मर्यादेपलीकडे हवं असेल तरच मतपत्रिकेवर वेगळा प्रश्न येतो. १० कोटी डॉलरच्या वसुलीवर ही वाढ २० लाखांची. त्यात कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या वाढीव खर्चासाठीची सूट आणि आधीच्या ३ वर्षांतली न वापरलेली वाढ मिळवली की मर्यादाच मतदानाशिवाय २ टक्क्यांपुढे जाते. २ टक्क्यांपुढे गेलं की मतदान होणारच, हा गैरसमज इथेच होतो. मतदान नसतं, म्हणून मार्चमध्ये प्राथमिक बजेट मंजूर होतं, त्या बैठकीला जाऊन बोलाच. एप्रिलअखेरच्या जाहीर सुनावणीपर्यंत पदकपातीचे निर्णय बहुतेक ठरून गेलेले असतात.