मदत हवी आहे: भाचीसाठी मराठी विज्ञान कादंबऱ्या सुचवा

मंडळी, भाची आठवीत आहे, तिला नारळीकरांची 'वामन परत न आला' दिली तर दोन दिवसांत फडशा पाडला आणि आता रोज मेसेज, मामा अजून दे ना अशीच. तो रोबो, आणि वामनाचा त्रिविक्रम झाला तर काय ही धास्ती, हे तिला जाम आवडलंय. 'यक्षांची देणगी' पण झालं, पण कथा नकोत म्हणे, जाडजूड कादंबरीच हवी. फँटसी म्हणून नाथमाधवांचा 'वीरधवल' काढला तर भाषेलाच अडखळली (मला त्या वयात वेड लागलेलं!). नारायण धारपांच्या भयकथा इतक्यात नकोत, रात्री झोपणार नाही आणि ताई मला बोलेल. नवीन लेखकांचं काही आहे का? अनुवाद पण चालेल, फक्त वाचवेल असा हवा. कुठे मिळेल तेही टाका प्लीज.