बचत गटाची हिशेबनीस निवडायला ‘बॅट-बॉल’ची चाचणी घ्यावी का?

वऱ्हाडी मास्तर
हिशेबनीस निवडताना आपल्याकडे अक्षर पाहतात आणि बारावीचे मार्क पाहतात. त्यासोबत संशोधक शेन फ्रेडरिक यांची 2005 सालची कॉग्निटिव्ह रिफ्लेक्शन टेस्ट, म्हणजे थांबून विचार करण्याची चाचणी घ्यावी, असं माझं मत आहे. तीनच प्रश्न आहेत. बॅट-बॉल मिळून 1 डॉलर 10 सेंट, बॅट बॉलपेक्षा 1 डॉलरनं महाग, तर बॉल कितीचा? तोंडात 10 येतं, उत्तर 5 सेंट. 5 यंत्रं 5 मिनिटांत 5 नग करतात, तर 100 यंत्रांना 100 नगांसाठी किती वेळ? हात 100 लिहायला धावतो, उत्तर 5 मिनिटं. तळ्यातली कमळाची पानं रोज दुप्पट पसरतात, 48 दिवसांत तळं भरतं, अर्धं कधी भरलं होतं? 24 नाही, 47.
गणित प्राथमिक शाळेचंच. कस लागतो तो पहिलं सुचलेलं उत्तर रोखून पुन्हा पाहण्याचा, आणि हिशेबनिसाला नेमकं तेच लागतं. फ्रेडरिक यांनी 3,428 जणांना हे प्रश्न दिले. 33 टक्क्यांना एकही जमला नाही, तिन्ही जमले फक्त 17 टक्क्यांना. अमेरिकेतल्या नावाजलेल्या एमआयटी विद्यापीठातसुद्धा तिन्ही बरोबर असणारे 48 टक्केच. म्हणजे मार्कशीटवरून हा गुण कळत नाही.

आकडेमोड
गुरुजी, एमआयटीचा अर्धाच आकडा दिलात. तिथली सरासरी 3 पैकी 2.18 आणि सगळ्यांची मिळून 1.24. गणितात तयार असलेला या चाचणीत पुढे जातोच, म्हणून कमी गुण म्हणजे उतावीळपणा असं धरता येत नाही. त्याच अभ्यासात पुरुषांची सरासरी 1.47 आणि बायकांची 1.03 आहे. बायकांच्या गटात असा पेपर वाटण्याआधी एवढं तरी पाहा.
दुसरं म्हणजे तीन प्रश्नांतून गुण चारच पडतात: 0, 1, 2, 3. एक प्रश्न आधी व्हॉट्सअॅपवर पाहिलेला असला की बाई एक पायरी वर चढली. शंभर जणींचा कल पाहायला हे चालेल, पण दोघींतली एक निवडायला? माझा साफ विरोध आहे.

वऱ्हाडी मास्तर
आधी पाहिल्याचा बाऊ फार होतो. 2018 मध्ये बियालेक आणि पेनिकूक या संशोधकांनी हेच तपासलं. आधी पाहिलेल्यांचे गुण वाढतात, पण चाचणीचा इतर गोष्टींशी असलेला संबंध टिकून राहतो. आणि गणिताची शंका असेल तर जोडीला साधा प्रश्न ठेवा: वही-पेन मिळून 110 रुपये, वही 100 ची, पेन कितीचा? इथं सापळा नाही. हा जमला आणि “वही पेनापेक्षा 100 नं महाग” इथं 10 लिहिलं, तर बेरीज-वजाबाकी येते पण तपासलं नाही, हे दिसतं. उत्तरपत्रिका तपासताना ‘चूक’ असा एकच रकाना ठेवू नका. 10 लिहिणारी वेगळी, 20 लिहिणारी वेगळी.

कपाशीवाला
आता सगळे म्हणतील, प्रश्न गावातले करा. करून पाहा, काय होते ते. “5 बाया 5 दिवसांत 5 एकर निंदतात, 100 बायांना 100 एकराले किती दिवस?” ज्याच्या घरी मजूर लागते तो फटकन 5 सांगते. त्यानं विचार केला म्हणून नाही बा, एका बाईले एकराले 5 दिवस हा हिशेब त्याच्या बोटावर असते. सापळाच मेला, मग मोजलं काय? उलट पोळ्याची घुंगुरमाळ आन् कासरा मिळून 110 केलं, माळ कासऱ्यापेक्षा 100 नं महाग, तं उत्तर येते 5 रुपयांचा कासरा. ज्यानं कासरा घेतला तो प्रश्नावरच भांडते. पेन 5 रुपयांचा मिळते, म्हणून वही-पेन चालते. आकडे मात्र 110 आन् 100 असेच ठेवा. 370 आन् 200 केले तं मधात वजाबाकी लागते, आयतं उत्तर तोंडात येत नाही.

झाडीपट्टी
भंडारा-गोंदियाकडे तिसरा प्रश्न मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या जलपर्णीवर करता येतो, तो बसतो. गणित नको असेल तर थॉमसन आणि ओपनहायमर यांनी 2016 मध्ये केलेली या चाचणीची दुसरी आवृत्ती घ्या: 15 मेंढ्या, 8 सोडून सगळ्या मेल्या, उरल्या किती? पण त्यातला “शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकलं, तुमचा नंबर कितवा” हा प्रश्न शंकरपटावर (बैलजोड्यांच्या शर्यतीवर) नेऊ नका. जिथं पटाचा निकाल घड्याळावर लागतो तिथं कुणी कुणाला मागे टाकत नाही.
वाचनाचीही अडचण असते. प्रश्न तोंडी विचारणार असाल तर उत्तराआधी तो परत सांगायला लावा. “100 नं महाग” ऐकून “100 ची” सांगितलं, तर ते उत्तर गुणात धरू नका.

आकडेमोड
10 आणि 20 वेगळे मोजा हे मान्य, पण तिथंही घसरण आहे. पेनिकूक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की बरोबर उत्तरांवरून तपासून पाहण्याची वृत्ती मोजता येते, पण सापळ्यातली उत्तरं मोजून ‘सहजबुद्धी’चं माप मिळत नाही. त्यात बागो आणि डे नेस यांचं 2019 चं काम आहे. घाईत पहिलं उत्तर घ्यायचं, वर डोकं गुंतून राहावं म्हणून लक्षात ठेवायला एक नक्षी द्यायची, मग सावकाश दुसरं उत्तर. शेवटी बरोबर आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं घाईतलं उत्तरही बरोबरच होतं. म्हणजे बरोबर लिहिणारी प्रत्येक बाई थांबून तपासतेच असं नाही. मग गुरुजी, तुम्ही नेमकं काय निवडता?
त्यापेक्षा कामाचाच नमुना द्या. 12 सदस्य, प्रत्येकी 100 बचत. त्यातल्या एकीवर 10,000 कर्ज, व्याज महिना शेकडा 2. ती व्याज भरून मुद्दल 1,000 फेडते. आज पेटीत किती आले? 1,200 + 1,000 + 200 = 2,400. पुढच्या महिन्याचं व्याज? इथं 200 लिहिणारी सापळ्यात गेली, 9,000 वर 180 होतं. शिवाय चुकली तर तिथंच शिकवता येतं.

वऱ्हाडी मास्तर
180 चा प्रश्न चांगला आहे, घेतो. पण जिनं दोन वर्षं वही लिहिली तिला तो पाठ असणार आणि नवी मुलगी मागं पडणार. अनुभव मोजला जाईल, तपासून पाहण्याची सवय नाही. कपाशीवाल्यांचा निंदणाचा आक्षेप इथंही लागतो की.

कपाशीवाला
लागते ना, गुरुजी. पण हिशेबनीस नेमताना अनुभव मोजला गेला तं बिघडलं काय?