सोनचाफ्याच्या अ‍ॅब्सोल्यूटचा (फुलांतून द्रावकाने काढलेल्या दाट सुगंधी अर्काचा) गंध शब्दांत कसा मांडावा?

प्रश्न : वर्णन लिहिताना ‘गोड’ आणि ‘मादक’ यांपुढे माझी लेखणी सरकत नाही. ताज्या फुलात नसलेली, सुक्या चहापत्तीसारखी छटा मला यात जाणवते. ती खरोखर असते का?

उत्तर : मलाही जाणवते. द्रावकाने काढलेल्या अर्कात सहज न उडणारे जड घटकही उतरतात, म्हणून तो फुलाहून गडद भासतो. अल्कोहोलमध्ये 10 टक्के द्रावण करून कागदी पट्टीवर घ्यावे आणि पाच मिनिटांनी, तासाने व दुसऱ्या दिवशी स्वतंत्र टिपणे करावीत.

दुसरे उत्तर : ‘मादक’ हा शब्द मी तरी टाळतो. त्याऐवजी इंडोल या गंधघटकामुळे येणारा किंचित कुबट जडपणा आणि आयोनोन या दुसऱ्या गंधघटकामुळे येणारा, पिकल्या जर्दाळूच्या सालीसारखा मऊपणा, असे नेमके लिहावे.

प्रश्नकर्ती : जर्दाळूची साल! हाच शब्द मला सापडत नव्हता.