अनुभव धागा: व्हिनेगरमधलं अंडं आणि घरचे शास्त्रज्ञ

काल लेकीने शाळेतून आल्या आल्या फर्मान काढलं, "एक कच्चं अंडं, व्हिनेगर आणि काचेचा ग्लास दे." बाटलीचं झाकण उघडलं, तो आंबट वास नाकात गेला आणि मी थेट पंचवटीतल्या वाड्यात.

तेव्हा सहावीत होते. घर कडक शाकाहारी. मामेभावाने बुधवारच्या बाजारातून गावरान अंडं आणलं. बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून आम्ही ते गच्चीवर पत्र्याच्या पेटीमागे लपवलं. सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बुडबुडे टरफलाला चिकटलेले, अंडं मधूनच आपलं आपण गिरकी घ्यायचं. दुसऱ्या दिवशी वर तपकिरी साय. ती ओतून नवीन व्हिनेगर घातलं. तिसऱ्या दिवशी वर गेलो तर पेटीपाशी आजी! मेलो म्हटलं. ती म्हणाली, "ह्याचं टरफल कुणी गिळलं रे?" मग पदर हाताला गुंडाळून तिने अंडं उन्हात धरलं. आत पिवळा बलक हलत होता. ती बराच वेळ बघत राहिली. नंतर स्वतः डोक्यावरून आंघोळ केली, आम्हालाही घातली. आजोबांना मात्र अवाक्षर बोलली नाही.

तुमचे असे उद्योग असतील तर लिहा.

कढीपत्ता
आजी भारीच! नंतर निवांत लिहिते, कुकर लावलाय.

खडूफळा
टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडने ते विरघळतं, बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. उरतो तो पापुद्रा. त्यातून पाणी आत शिरतं म्हणून अंडं फुगतं. तेच साखरेच्या घट्ट पाकात ठेवलं की पाणी बाहेर येऊन सुरकुततं. मी हे गुलाबजामच्या उरलेल्या पाकात केलं होतं. फ्रीजमध्ये. सासऱ्यांनी रात्री अंधारात चमचा घातला. पुढचं सांगत नाही.

रिकामटेकडा
सांगा की!!

खडूफळा
फुटलं. अजून गुलाबजाम खात नाहीत.

सिडकोवाली
ग्लासखाली ताटली ठेवा गं बायांनो. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. सांडलेलं रात्रभर तसंच राहिलं, ओट्यावर ग्लासच्या बुडाएवढं पांढरट कडं कायमचं. भाड्याचं घर होतं, मालकांनी डिपॉझिटमधून पैसे कापले. लिंबू पिळतानाही आता हात थरथरतो.

जुना नाशिककर
वाड्यांतल्या आपल्या काळ्या दगडाला व्हिनेगरने काही होत नाही. जुनं ते सोनं उगाच नाही म्हणत.

सिडकोवाली
काका, काळ्या दगडाचा ओटा पुसून दाखवा एकदा.

निफाडचा द्राक्षवाला
अंडी चालत नसतील त्यांनी बेदाणे रात्रभर साध्या पाण्यात टाका. सकाळी टम्म. विज्ञान तेच, वर खाता येतात.

रिकामटेकडा
घरचे आहेत का बेदाणे? काय भाव?

निफाडचा द्राक्षवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

दोन मुलांची आई
आमच्याकडे कोंबडीच्या तंगडीचं हाड. स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये, मधे दोनदा बदललं. रबरासारखं वाकतं! धाकट्याने ते डब्यात घालून शाळेत नेलं, बाईंचा फोन आला. मी सांगितलं प्रयोग आहे. त्या म्हणाल्या, "डब्यात पोळी कुठंय?"

खडूफळा
शाळेच्या खडूवर करून बघू नका. बरेचसे आता जिप्समचे असतात, ढिम्म बसतात. आमचं वर्गात हसू झालंय.

कढीपत्ता
आले. आमच्या चिरंजीवाने ते उसळतं का बघायला ओट्यावरून सोडलं. उसळतं ते तीन-चार बोटांवरूनच. बलक थेट मिक्सरच्या मागे. कच्चं अंडं ते, तेव्हा पुसून झालं की साबणाने हात धुवा, आणि प्रयोगाचं अंडं कुणी खाऊ नका बरं. आमच्याकडे कुणीतरी विचारलंच होतं, नाव घेत नाही. (नवरा.)

धागाकर्ती
🤣 आमचं सध्या दीड दिवसाचं आहे. लेक दर तासाला टॉर्च लावून बघते. फ्रीजमध्ये ठेवू म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, ताकाशेजारी नाही. त्यामुळे खिडकीत आहे, चाळणी झाकून. मांजराचं काय करू?

सिडकोवाली
चाळणीवर खलबत्ता.

रिकामटेकडा
द्राक्षवाले भाऊ, व्यनि आला नाही.